त्या तासाला गृहपाठ नको

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगा चौथीत, सेमी-इंग्रजी शाळेत शिकतो. तोंडी विचारले तर परिसर अभ्यासाची उत्तरे घडाघडा सांगतो, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगताना एकही दुवा सोडत नाही. मात्र तेच पान वाचायला दिले की ओळीओळीला अडतो आणि फळ्यावरचे उतरवताना अर्धे शब्द गाळतो. ‘तेवीस’ सांगितले तर ३२ लिहितो. दोन वर्षे रोज दीड तासाची शिकवणी चालू असून फरक नाही. आता मानसशास्त्रज्ञांनी चाचण्या घेऊन डिस्लेक्सियाचा अहवाल दिला आहे आणि ‘रेमेडियल’ सुरू करायला सांगितले आहे. बाईंना विचारायचे आहे ते असे: रेमेडियल म्हणजे नुसती महागडी शिकवणी की काही निराळे? ते किती दिवस चालते? शाळेचे माध्यम बदलावे का? आणि प्रमाणपत्र काढले तर मुलावर कायमचा शिक्का बसेल का?

गेली बावीस वर्षे मी विशेष शिक्षिका म्हणून अशाच मुलांना शिकवते आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते. बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात.

आपली नेहमीची शिकवणी एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे मुलाला वाचता येते. त्याच्यावर ती धडा, प्रश्नोत्तरे आणि सराव यांचे मजले चढवते. तुमच्या मुलाचा पायाच अजून भरलेला नाही, म्हणून रोजचा दीड तास वाया जातो, आणि त्यात ना त्याचा दोष आहे ना शिकवणीच्या बाईंचा. डिस्लेक्सियात अडचण डोळ्यांची नसते आणि बुद्धीचीही नसते. बोललेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करून ओळखणे आणि त्या ध्वनींची अक्षरांशी पटकन सांगड घालणे, हे काम मेंदू इतर मुलांच्या मानाने फार कष्टाने करतो. पुष्कळदा ते घराण्यात चालत आलेले असते, पालकांशी बोलताना बाबा हळूच म्हणतात, “मलाही सातवीपर्यंत वाचायला यायचं नाही.” ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ साली वापरला, पण तो मोठ्या माणसांच्या बाबतीत. लहानपणापासूनच्या अडचणीची पहिली प्रसिद्ध नोंद १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी केली. तो चौदा वर्षांचा मुलगा हुशार होता, पण स्वतःचे नावही चुकीचे लिहीत असे, आणि शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेत पहिला आला असता असे त्याच्या मास्तरांचे मत होते. तुमचा प्रश्न वाचताना मला तोच मुलगा आठवला.

विशेष शिकवणीत, म्हणजेच रेमेडियलमध्ये, आपण वाचन जिथे तुटले आहे तिथपर्यंत मागे जातो आणि तिथून पुढे बांधत येतो. चौथीतल्या मुलाबरोबर काना-मात्रेपासून सुरुवात करावी लागली तर ती तिथूनच करायची. म्हणूनच पहिले दोन-तीन तास मी काही शिकवत नाही, फक्त पाहते. कोणती अक्षरे झटकन ओळखतो, कोणत्या अक्षरांपाशी घुटमळतो, वेलांट्यांपैकी कोणती येते, जोडाक्षर आले की अंदाजाने शब्द ठोकून देतो की थांबतो, आणि अर्थ नसलेला बनावट शब्द दिला तर काय करतो. हा शेवटचा प्रयोग फार बोलका असतो. ‘विमान’ हा शब्द मूल चित्रावरून किंवा पाठांतराने वाचू शकते. ‘मिवान’ वाचायला मात्र अक्षरांकडेच पाहावे लागते.

आपल्याकडची बरीचशी माहितीपुस्तके इंग्रजीवरून उचललेली असतात आणि इंग्रजीत ही अडचण वेगळी दिसते, हे इथेच सांगितले पाहिजे. इंग्रजीत २६ अक्षरांतून चाळिसेक ध्वनी काढायचे असतात, त्यामुळे तिथे मूल चुकीचे वाचते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे, त्यामुळे मराठी मूल पुष्कळदा बरोबर वाचते, पण इतके सावकाश की वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शिक्षकांना वाटते, येते की याला वाचता, आळस करतो. हा सर्वांत घातक गैरसमज आहे, कारण अशी मुले कित्येक वर्षे कोणाच्या नजरेतच येत नाहीत.

मराठीची स्वतःची अवघड वळणेही आहेत. भ-म, घ-ध, थ-य, ब-व या जोड्या डोळ्यांना जवळच्या. पहिली वेलांटी लिहिताना आणि पाहताना अक्षराच्या आधी येते, पण उच्चारात नंतर; ‘पिशवी’ वाचताना डोळ्यांना आधी वेलांटी भेटते आणि तोंडाला आधी प म्हणायचा असतो. र चार वेषांत हिंडतो: कर्म, क्रम, ट्रक, दुसऱ्या. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च लिहायला एक आणि बोलायला दोन. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. सामान्य मूल हे सगळे ऐकून-वाचून आपोआप उचलते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट सुटी, क्रमाने आणि उघड करून शिकवावी लागते आणि मग इतरांच्या कितीतरी पट घोटून घ्यावी लागते.

आपण पिढ्यान्पिढ्या ‘ग म भ न’ने श्रीगणेशा करतो. एका वळणाची अक्षरे एकत्र घेतली की हाताला ती गिरवायला सोपी जातात, म्हणून तो क्रम शहाणपणाचा आहे; पण या मुलांच्या बाबतीत म आणि भ शेजारीशेजारी शिकवणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण. मी म शिकवते, तो झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल इतका पक्का करते आणि भ चार-पाच आठवड्यांनी आणते. ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. पहिल्या वर्षी दोन्ही एका तासात शिकवून एका मुलीचे मी दोन महिने घालवले, तेव्हा ती आली.

आता प्रत्यक्ष तास कसा चालतो, ते एका उदाहरणातून दाखवते. समजा, मूल ‘वर्ग’च्या जागी ‘वग्र’ लिहिते आणि ‘पर्वत’च्या जागी ‘पव्रत’. त्याला दहा वेळा ‘वर्ग’ लिहायला लावले तर दहावा बरोबर येईल आणि उद्या ‘सर्प’ चुकेल, कारण चूक त्या एका शब्दात नाही. र कुठे ऐकू येतो आणि कुठे बसतो, यांतला फरक त्याच्या लक्षात आलेला नाही. मी टेबलावर शर्टाची तीन बटणे ठेवते, दोन पांढरी, एक लाल. ‘गर्दी’ म्हणायला सांगते, सावकाश, एकेका ध्वनीला एकेक बटण पुढे सरकवत: ग, र्, दी. मधले लाल बटण म्हणजे पाय मोडलेला र. कानाला तो मधे ऐकू आला, हे आधी पटायला हवे. मग ते लाल बटण उचलून तिसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे. र ऐकू येतो आधी, पण बसतो पुढच्याच्या डोक्यावर, हे बोटांनी करून झाल्यावर मग रव्याच्या ताटात बोटाने लिहायचे, तोंडाने म्हणत: आधी ग, मग दी, मग शेवटी रफार, आणि तोही दीच्या वेलांटीच्या टोकाशी. (एक मुलगा याला ‘टोपीवाला र’ म्हणायचा, आता आमच्याकडे सगळेच म्हणतात.) नंतर वाचन उलट दिशेने: टोपी दिसली की टोपीखालच्या अक्षराच्या आधी र् म्हणायचा. सर्प, कुर्ता, दर्जा, आणि लगेच ‘मर्बी’, ‘टर्गा’ असे बनावट शब्द. शेवटी त्याच शब्दांचे श्रुतलेखन आणि रफार असलेली तीन-चार वाक्ये. एवढ्याला पाऊण तासाची माझी एक बैठक जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटे, आठवड्याने पुन्हा, महिन्याने पुन्हा. ‘कर्म’ आणि ‘क्रम’ समोरासमोर आणायचे ते दोन्ही वेगवेगळे पक्के झाल्यावरच.

डोळे, कान, तोंड आणि हात यांना एकाच वेळी कामाला लावण्याची ही रीत जगभर अमेरिकेतील सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाते. १९३०च्या दशकापासून ती चालत आली आहे. तिची साधनेही त्याच नावाने महागड्या पेट्यांत विकली जातात. बटणे आणि रव्याचे ताट तेवढेच काम करतात. आपले पूर्वज धूळपाटीवर बोटानेच लिहायला शिकले. साधनापेक्षा क्रम महत्त्वाचा, आणि मागचे पक्के झाल्याशिवाय पुढे न जाण्याचा संयम त्याहून महत्त्वाचा.

अक्षरे जमू लागली की गतीचे काम सुरू होते, आणि मराठी मुलांच्या बाबतीत खरी चिकाटी लागते ती इथेच. साठ-सत्तर शब्दांचा सोपा उतारा, घड्याळ लावून, तोच तीन वेळा वाचायचा आणि दर वेळी मिनिटात किती शब्द झाले त्याचा ठिपका आलेखाच्या कागदावर मुलाने स्वतः द्यायचा. स्पर्धा कोणाशी नाही, फक्त कालच्या ठिपक्याशी. आठ महिन्यांनी तो कागद पाहिला की रेघ वर चढलेली दिसते, आणि वर्गात सतत शेवटचे राहिलेल्या मुलाला स्वतःच्या प्रगतीचा एवढा धडधडीत पुरावा बहुधा आयुष्यात पहिल्यांदा मिळतो.

आता शीर्षकातल्या गृहपाठाविषयी. पालकांचा सर्वांत मोठा आग्रह असतो की ताई, आलाच आहे तर उद्याच्या घटक चाचणीचेही पाहा ना. मी सुरुवातीच्या काळात ते ऐकत असे. सहावीतल्या एका मुलाबरोबर मी वर्षभर आठवड्यातले तीनही तास शाळेचाच अभ्यास केला. मी धडा वाचून दाखवायची, तो ऐकून लक्षात ठेवायचा, गुण वाढले, घरचे खूश, मीही खूश. मग एकदा त्याच्या आईने सहज सांगितले की बसथांब्यावर बस आली तरी तो पाटी वाचत नाही, शेजारच्या काकांना विचारतो. एका वर्षात मी त्याला वाचायला शिकवलेच नव्हते. मी त्याची दुसरी शिकवणी झाले होते. तेव्हापासून नियम केला: या पाऊण तासात शाळेचे दप्तर उघडायचे नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशीही नाही. काही पालक यावरून माझ्याकडून मुले काढून नेतात. ते मी समजू शकते, पण नियम बदलत नाही.

किती दिवस, याचे प्रामाणिक उत्तर असे की आठवड्यातून किमान तीन वेळा, पाऊण-पाऊण तास, एकट्याने किंवा एकाच पातळीच्या दोन मुलांनी मिळून, आणि साधारण दोन ते तीन वर्षे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मुलाचे मागचे शिकलेले दर वेळी पुसलेले असते. सुट्टीत खंड पडू देऊ नका. मे महिन्याच्या सुट्टीतल्या सहा आठवड्यांनी गतीचा आलेख हमखास खाली येतो. तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा करतो असे जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका. हा आजार नाही, त्यामुळे बरा होण्याचा प्रश्नच येत नाही. मूल वाचायला शिकते, बऱ्यापैकी गती येते, पण शुद्धलेखनात थोडे कच्चेपण आणि वाचनाला इतरांपेक्षा जास्त वेळ हे बहुधा मोठेपणीही राहते. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर खर्च करू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ सालीच संयुक्त निवेदनात सांगितले आहे की अशा उपायांना शास्त्रीय आधार नाही. डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत, ते वेगळे; त्यांत दोष असेल तर तो आधी दूर करायला हवा.

शिक्षक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९९२च्या कायद्यानुसार विशेष शिक्षकाला ही नोंदणी लागते. त्यापुढे मी सांगेन की त्यांना विचारा, पहिल्या महिन्यात नेमके काय करणार आणि सुधारणा मोजणार कशी. उत्तरात ‘एकाग्रता वाढवू’, ‘आत्मविश्वास वाढवू’ एवढेच आले तर उठून या. अहवाल मराठी चाचण्यांवरही आधारलेला आहे का, हेही पाहा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीत उपलब्ध आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची परीक्षा फक्त इंग्रजीतून झाली असेल तर निम्मे चित्र अंधारातच राहते. खासगी शुल्क परवडत नसेल तर समग्र शिक्षा अभियानातून तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. त्यांच्यावर शाळांचा भार इतका असतो की आठवड्याला तीन तास मिळणे कठीण, पण घरी काय करायचे याचे मार्गदर्शन नक्की मिळते.

‘तेवीस’चे ३२ ही निराळी गोष्ट आहे आणि तेवढ्यावरून डिसकॅल्क्युलिया, म्हणजे गणितातली अशीच अडचण, म्हणू नये. मराठीत ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. जसे ऐकले तसे लिहिले तर ३२च होतात. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. तुमचा मुलगा सेमी-इंग्रजीत असल्याने शाळेत ‘ट्वेंटी थ्री’ ऐकतो आणि घरी तेवीस, म्हणजे उलटसुलट दोन क्रम. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विनोदांचा तर पूर आला होता. भाषेच्या सौंदर्याविषयीचे आक्षेप मला समजतात, पण या मुलांच्या टेबलाशी बसून मी सांगते की शिकण्याची पायरी म्हणून ‘वीस आणि तीन, तेवीस’ फार उपयोगी पडते. दहाच्या काड्यांच्या जुड्या आणि सुट्या काड्या समोर ठेवून आधी दोन जुड्या, मग तीन काड्या, मग नाव, असे महिनाभर करा. त्यानंतरही कोणती संख्या मोठी हे सांगता येत नसेल, सहात किती मिळवले की दहा होतात यासाठी दर वेळी बोटे मोजावी लागत असतील, तर मग गणिताची वेगळी तपासणी करावी.

माध्यम बदलण्याची घाई नको. पाचवीत नवी शाळा, नवे मित्र, नवे शिक्षक हा धक्का लहान नसतो. मी इतकेच करते की एका वेळी एकच लिपी हाती घेते. आधी मराठी, कारण घरची भाषा आणि नियम सरळ. ध्वनी आणि अक्षर यांचे नाते एकदा मनात बसले की इंग्रजीला तेच नाते वेगळ्या, जरा लहरी नियमांनी शिकवता येते. मूल पहिलीत असते आणि घरात इंग्रजीचा गंधही नसता, तर मी वेगळे उत्तर दिले असते.

प्रमाणपत्राची भीती बाळगू नका. महाराष्ट्राने १९९६ सालीच अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो) असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. १९९५च्या केंद्रीय अपंगत्व कायद्यातल्या सात प्रकारांत मात्र ती नव्हती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार २१ केले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, आणि तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जादा वेळ, जो तासाला २० मिनिटे या हिशेबाने मिळतो, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषा आणि गणित यांतले पर्याय अशा सवलती यामुळे मिळू शकतात. त्यांसाठी खासगी अहवाल पुरत नाही, अधिकृत सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा आणि नववीपर्यंत थांबू नका, कारण चाचण्यांच्या तारखा लवकर मिळत नाहीत. शिक्का म्हणाल तर ‘ढ’ आणि ‘आळशी’ हे शिक्के त्याच्यावर आधीच बसले आहेत, आणि ते कोणत्याही रुग्णालयाने दिलेले नाहीत. मुलालाही हे नाव सांगा. बहुतेक मुलांना आपल्या अडचणीला नाव आहे हे कळल्यावर हायसे वाटते.

राहता राहिला रोजचा अभ्यास, जो माझ्या तासात होत नाही आणि तरी शाळेत तर विचारला जाणारच. तो घरी करा, पण त्याला वाचायला लावून नव्हे. धडा तुम्ही वाचा, किंवा बाबांनी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, त्याने पुस्तकात बोट ठेवून ऐकावे. उत्तरे त्याने तोंडी द्यावीत, तुम्ही लिहून घ्यावीत आणि त्यांतली दोनच त्याने स्वतः वहीत उतरवावीत; बाकीचे आईने लिहिले आहे, अशी चिठ्ठी वर्गशिक्षिकेला आधीच द्या. वर्गात सर्वांसमोर मोठ्याने वाचायला उभे करू नये, हीही विनंती त्याच चिठ्ठीत लिहा.